नोड-सासमुळे बिल्ड पुन्हा पुन्हा फाटतंय? आधी काय तपासायचं आणि ते कायमचं कसं काढायचं

पावसाळ्यातला सोमवार होता. नवीन जॉइन झालेली मुलगी वाकडच्या ट्रॅफिकमधून हिंजवडीला पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते, आणि उरलेला दिवस प्रोजेक्ट लॅपटॉपवर उभा करण्यात गेला. संध्याकाळी सहाला माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाली, "दादा, पायथन पण टाकलं, तरी होत नाहीये." स्क्रीनवर लाल अक्षरांचा तोच ओळखीचा ढिगारा. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टला पायथन लागतंच कशाला, हे तिने विचारलं नाही. तिला काय बोलणार, आमच्यापैकीही कुणी ते कधी विचारलं नव्हतं.

ढिगाऱ्याचं मूळ नोड-सास, म्हणजे सास या स्टाइलच्या भाषेतल्या फाइलींचं सीएसएस बनवून देणारं पॅकेज. हे पॅकेज मी आतापर्यंत चार मोठ्या प्रोजेक्टांतून उपटून काढलंय, आणि त्याआधी निदान वीसेक लॅपटॉपांवर त्याला कसंबसं जगवलंय. जगवण्यात जितका वेळ गेला तेवढ्यात ते दोनदा काढून झालं असतं. म्हणून खाली आधी निदान आहे, मग तात्पुरता उपाय, मग काढण्याचं काम. जिथे थांबायचं तिथे थांबा असं स्पष्ट लिहिलंय.

लक्षणं

सगळी एकदम दिसत नाहीत. यातली दोन जुळली तरी पुढे वाचा.

– काल चालणारं बिल्ड आज नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉललाच पडतं. जुन्या लॅपटॉपवर मात्र मजेत चालतंय.
– एररमध्ये "जिप" हा शब्द दहा-पंधरा वेळा येतो, आणि मध्येच पायथन सापडत नाही अशी तक्रार.
– किंवा पायथन सापडतं, पण "डिस्टयूटिल्स" नावाचं मॉड्यूल सापडत नाही.
– "नोड सास तुमच्या सध्याच्या एन्व्हायर्नमेंटला सपोर्ट करत नाही" या अर्थाची ओळ.
– सीआयची (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरची) बेस इमेज कुणीतरी अपडेट केली आणि त्या दिवशी सगळ्या ब्रांच लाल.
– एम-वन किंवा त्यापुढचा मॅक असलेल्यांनाच त्रास, बाकीच्यांना नाही.

एक फसवं लक्षण वेगळं काढून ठेवा. नोड १७ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर वेबपॅक ४ (प्रोजेक्टच्या फाइली एकत्र बांधणारं टूल) चालवलं की ओपनएसएसएलचा "अनसपोर्टेड" असा एरर येतो. लोक तोही नोड-सासच्या खात्यात टाकतात. त्याचा याच्याशी संबंध नाही. वेबपॅक ४ हॅशिंगसाठी एमडी४ वापरतं आणि नव्या ओपनएसएसएलने ते बाजूला टाकलंय, एवढंच. दोन्ही आजार एकाच प्रोजेक्टला असतात, कारण दोघांचं वय सारखं. पण औषध एकत्र देऊ नका.

हे होतं का

थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की पुढची अर्धी तपासणी आपोआप सुचते. सास मुळात रुबीत होतं. त्याचं सी प्लस प्लसमधलं रूप म्हणजे लिबसास, आणि लिबसासला नोडमधून हाक मारणारं पॅकेज म्हणजे नोड-सास. म्हणजे आत एक कंपाइल केलेली बायनरी असते. ती बायनरी नोडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी वेगळी, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी. इन्स्टॉल करताना पॅकेज आधी तयार बायनरी गिटहबवरून ओढायला बघतं. मिळाली नाही तर तुमच्याच मशीनवर सी प्लस प्लस कंपाइल करायला बसतं, आणि त्यासाठी नोड-जिप हे कंपाइल करून घेणारं टूल लागतं, नोड-जिपला पायथन लागतं. तिच्या पायथनचं उत्तर हे.

लिबसास ऑक्टोबर २०२० मध्ये अधिकृतपणे निवृत्त केलं गेलं. नोड-सासची शेवटची मोठी आवृत्ती ९, ती नोड २० पर्यंतच पोचते. आता सासची मुख्य अंमलबजावणी म्हणजे डार्ट सास, जे एनपीएमवर नुसतं "सास" या नावाने मिळतं. ते शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये उतरवलेलं असल्यामुळे इन्स्टॉल करताना काहीही कंपाइल करावं लागत नाही.

तपासणी १: नोडची आवृत्ती (दोन मिनिटं, फुकट)

चालत्या लॅपटॉपवरची आणि पडत्या लॅपटॉपवरची नोडची आवृत्ती शेजारी ठेवा. नव्वद टक्के वेळा उत्तर इथेच असतं. जोड्या अशा: नोड १४ ला नोड-सास निदान ४.१४ हवं, नोड १६ ला ६, नोड १८ ला ८, नोड २० ला ९. नोड २२ साठी जोडीच नाही.

नवीन माणूस नोडच्या साइटवरून ताजी एलटीएस (दीर्घ मुदतीची आवृत्ती) उतरवतो. त्याची काही चूक नाही. आपण रीडमीमध्ये "नोड इन्स्टॉल करा" एवढंच लिहिलेलं असतं. एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या बदलणाऱ्या टूलने) जुनी आवृत्ती लावून बघा. चाललं तर निदान पक्कं. मात्र याला उपाय समजू नका. नोड १४ ची मुदत एप्रिल २०२३ ला संपली, १६ ची सप्टेंबर २०२३ ला, १८ ची एप्रिल २०२५ ला. आज नोड १४ वर चालणारं बिल्ड म्हणजे सिक्युरिटी ऑडिटवाल्यांना घरचं आमंत्रण.

तपासणी २: शिळी बायनरी (पाच मिनिटं)

नोड मॉड्यूल्समध्ये नोड-सासच्या फोल्डरात "व्हेंडर" नावाचं फोल्डर असतं. आतल्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी आकडा दिसेल. ७२ म्हणजे नोड १२, ८३ म्हणजे १४, ९३ म्हणजे १६, १०८ म्हणजे १८, ११५ म्हणजे २०. इन्स्टॉल एका नोडवर आणि बिल्ड दुसऱ्यावर झालं की इथला आकडा जुळत नाही. नोड मॉड्यूल्स पूर्ण उडवून पुन्हा इन्स्टॉल करा, किंवा नुसतं नोड-सास रिबिल्ड करा.

ही तपासणी सीआयवर विशेष महत्त्वाची. तिथे नोड मॉड्यूल्सची कॅश ठेवलेली असते आणि कॅशच्या किल्लीत नोडची आवृत्ती घालायला सगळे विसरतात. मग एकाच कमिटवर एक रनर हिरवा, दुसरा लाल. आम्ही एकदा या भुताच्या मागे दोन दिवस फिरलो.

तपासणी ३: बायनरी पोचते का (दहा मिनिटं)

इन्स्टॉलचा लॉग वर सरकवून पहिला एरर वाचा. शेवटचा नाही, पहिला. ४०४ असेल तर तुमच्या जोडीसाठी तयार बायनरी अस्तित्वातच नाही; तपासणी १ कडे परत जा. मॅकच्या एम मालिकेसाठी तयार बायनरी नाहीच, त्यामुळे तिथे प्रत्येक वेळी कंपाइल होतं. टाइमआउट किंवा सर्टिफिकेटचा एरर असेल तर बायनरी आहे, पण ऑफिसचा प्रॉक्सी गिटहबवरची फाइल अडवतोय. घरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं आणि ऑफिसात नाही, ही याची खूण. आयटीवाल्यांना नेमका पत्ता देऊन परवानगी मागा. टीएलएसची तपासणी बंद करणारी सेटिंग लावू नका, कितीही लेखांत ती सापडली तरी.

तपासणी ४: पायथन आणि कंपायलर. इथे थांबा.

इथपर्यंत आलात म्हणजे तुमच्या हातात आता "पायथन २.७ टाका, बिल्ड टूल्स टाका" असा सल्ला आहे. पायथन २ ची मुदत १ जानेवारी २०२० ला संपली. नवं पायथन टाकाल तर ३.१२ पासून डिस्टयूटिल्स काढलंय, आणि जुनं नोड-जिप त्याच्याशिवाय चालत नाही. उबुंटू २४.०४ वर पायथन ३.१२ च येतं, म्हणून बेस इमेज बदलली की सगळं एकदम कोसळतं. पायथन जमवलंत तरी पुढे कंपायलर आहे: नोड १६ च्या हेडरना सी प्लस प्लस १४ लागतं, जुनं नोड-सास ११ मागतं.

आमच्या एका डॉकरफाइलमध्ये पायथन २ बसवणाऱ्या ओळीच्या वर कॉमेंट होती: "ही ओळ का आहे माहीत नाही. काढू नये." सदाशिव पेठेतल्या फाटकावर शोभली असती. प्रत्येकाने ती पाळली.

नियम साधा ठेवा. पायथन-कंपायलरच्या पायरीवर अर्ध्या दिवसापेक्षा जास्त घालवू नका. उद्या रिलीज असेल तर चालत्या लॅपटॉपवरून किंवा जुन्या इमेजवरून रिलीज करा, आणि परवा खालचं काम हाती घ्या.

तपासणी ५: हे येतंय कुठून

काढायला सुरुवात करण्याआधी कोण ओढतंय ते बघा. एनपीएम ७ पासून "एक्सप्लेन" आहे, यार्नमध्ये "व्हाय". मोठ्या प्रोजेक्टात सहसा तीन वाटा निघतात. एक, तुमच्याच पॅकेज फाइलमध्ये सरळ नाव. दोन, गल्प-सास ४, जे नोड-सास सोबत घेऊनच येतं (५ पासून कंपायलर तुम्ही हातात द्यायचा असतो). तीन, कंपनीतल्या दुसऱ्या टीमचं बटणं-टेबलांचं अंतर्गत पॅकेज.

तिसरी वाट सापडली तर त्या टीमशी आत्ताच बोला. तात्पुरतं ओव्हरराइड लावून नोड-सासच्या नावाखाली सास बसवता येतं, कारण डार्ट सास अजून जुन्या पद्धतीची हाक ओळखतं. पण त्या हाकेवरही निवृत्तीची खूण लागलीय आणि डार्ट सास २ मध्ये ती जाणार आहे. त्या पॅकेजचा सोर्सच हाताशी नसेल, व्हेंडरने नुसतं झिप दिलं असेल, तर इथे तुमचं काम संपलं. मॅनेजरला लेखी कळवा आणि व्हेंडरला करू द्या.

तपासणी ६: अदलाबदल करून बघा

वेगळी ब्रांच. नोड-सास काढा, सास घाला, बाकी कशालाही हात लावू नका. सास-लोडर (वेबपॅकला सास जोडून देणारं पॅकेज) ९ पासून आपणहून सासला पसंती देतं. त्याच्या आधीचं असेल तर कंपायलर कोणता ते कॉन्फिगमध्ये सांगावं लागेल. वेबपॅक ४ वर असाल तर सास-लोडर १० च्या पुढे जाऊ नका, ११ ला वेबपॅक ५ लागतं. जुन्या लेखांत वेगासाठी "फायबर्स" टाका म्हणतात. ते नोड १६ पासून चालत नाही, विसरून जा.

सासची आवृत्ती पहिल्या पीआरपुरती (बदल मर्ज करायच्या पहिल्या विनंतीपुरती) १.३२ वर अडकवा. कारण १.३३ पासून भागाकारासाठी साधा स्लॅश वापरला की इशारा येतो, आणि बूटस्ट्रॅप ४ सारखं काही आत असेल तर इशाऱ्यांच्या धबधब्यात खरा एरर वाहून जातो. सगळं हिरवं झालं की दुसऱ्या पीआरमध्ये वर न्या. भागाकार बदलायला सासचं स्वतःचं मायग्रेटर आहे, हाताने करू नका.

आणि याच पीआरमध्ये "@इम्पोर्ट" काढून "@यूज" आणायचा मोह आवरा. १.८० पासून "@इम्पोर्ट" वरही इशारा येतो, ३.० मध्ये ते जाणार आहे, हे सगळं खरं. पण इंजिन बदलताना सीटकव्हर शिवायला बसलात की रिव्ह्यू करणारा वैतागेल आणि पीआर तीन महिने लोंबकळेल. माझा पहिला प्रोजेक्ट असाच लोंबकळला.

तपासणी ७: कंपाइलचे एरर

डार्ट सास लिबसासपेक्षा कडक आहे. दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. "@एक्स्टेंड" मध्ये दोन क्लास चिकटवून दिलेले चालत नाहीत, सुटे करावे लागतात. हे थोडे असतात. दुसरी गोष्ट म्हणजे व्ह्यू या फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टांतलं "/डीप/", म्हणजे आतल्या घटकापर्यंत स्टाइल पोचवायची खूण. लिबसास ते न वाचताच पुढे सोडायचं, डार्ट सास "सिलेक्टर अपेक्षित होता" म्हणून अडतं. व्ह्यू २ असेल तर त्या जागी "::व्ही-डीप", व्ह्यू ३ असेल तर ":डीप()" हे रूप.

लोक इथे एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेस मारतात आणि निघून जातात. थांबा. शोध एससीएसएस फाइलींतच घेतलात तर व्ह्यूच्या फाइलींतले स्टाइल ब्लॉक सुटतात. ते एररमुळे निदान कळतात तरी. न कळणारी भानगड रिकाम्या जागेची आहे. कुणीतरी घाईत "/डीप/" च्या दोन्ही बाजूंना जागा न सोडता लिहिलेलं असतं. जुन्या रूपात ते वडील-वंशज नातं होतं, जागा असो-नसो. नव्या रूपात तेच चिकटून राहिलं तर अर्थ होतो "एकाच घटकावर हे दोन्ही क्लास". एरर येत नाही, बिल्ड हिरवं, आणि फॉर्ममधल्या ड्रॉपडाउनची उंची मात्र गेलेली. म्हणून आधी चिकटलेले सगळे शोधून त्यांच्यात जागा घाला, मग रिप्लेस करा. एका प्रोजेक्टात असे सतरा निघाले, त्यातले अकरा एकाच गृहस्थांचे. गृहस्थ मीच.

तपासणी ८: सीएसएस खरंच तेच निघतंय का

हे सगळ्यात महागडं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. बिल्ड हिरवं झालं म्हणजे काम झालं, असं नाही. जुन्या इमेजवर जुनं बिल्ड काढा, निघालेल्या सीएसएस फाइली बाजूला ठेवा. नव्याने बिल्ड काढा. दोन्ही संच एकाच मिनिफायरमधून आणि मग एकाच फॉरमॅटरमधून काढा, म्हणजे मोकळ्या जागांचे फरक गळून पडतील. आणि मग डिफ.

पहिला डिफ बघून घाबरू नका. हजारो ओळी असतील. लिबसास दशांशानंतर ५ आकडे देतं, डार्ट सास १०. एक तृतीयांश रुंदी तिथे ३३.३३३३३ टक्के, इथे ३३.३३३३३३३३३३. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून दोन्हीकडचे आकडे ४ स्थळांवर आणा आणि पुन्हा डिफ काढा. आमच्याकडे हजारोंच्या चाळीसेक ओळी उरल्या. त्या चाळीस मात्र एकेक करून वाचा, दुसरा माणूस शेजारी बसवून. खरा दोष त्यातच असतो.

(दहा आकडे हे नुकसान नाही, उलट सुधारणा आहे. बूटस्ट्रॅप ३ चं सास रूप निदान ८ आकड्यांची अचूकता मागायचं, आणि आम्ही वर्षानुवर्षं ५ वर चालवून कॉलम खाली का घसरतात म्हणून डोकं खाजवत होतो.)

डिफमध्ये इनव्हॉइसची प्रिंट, पेमेंटचा स्क्रीन किंवा कायद्याने ठरलेल्या आकाराचं काही लेबल येत असेल, तर नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. क्यूएला (टेस्टिंगवाल्यांना) बोलवा, पानं छापून मोजायला लावा. फ्रंटएंडवाल्याने "ठीक दिसतंय" म्हणून पास करायची ही जागा नाही.

तपासणी ९: आयकॉनच्या जागी कचरा

हे प्रॉडक्शनवर कळतं आणि तेही एकाच पानावर, म्हणून वेगळं लिहितो. आयकॉन फॉन्टमध्ये कंटेंटला उलट्या स्लॅशने सुरू होणारा कोड दिलेला असतो. डार्ट सास बऱ्याचदा तो कोड तसाच न ठेवता त्या जागी खरं अक्षर लिहितं. ब्राउझरने फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचली तर काहीच बिघडत नाही. नाही वाचली, तर आयकॉनच्या जागी तीन विचित्र अक्षरं.

आमचं सगळं ॲप ठीक होतं, फक्त लॉगिनचं पान बिघडलं. लॉगिन जुन्या जेएसपीवर (जावाने सर्व्हरवर पान बनवायच्या पद्धतीवर) होतं, आणि जेएसपीत काही सांगितलं नाही तर कॅरेक्टर सेट आयएसओ-८८५९-१ धरला जातो. सीएसएसने स्वतः काही सांगितलं नाही तर ब्राउझर पानाचाच सेट तिला लावतो. सास वर "@चारसेट" लिहितं खरं, पण दोन-तीन फाइली एकत्र जोडल्या की ती ओळ मध्ये कुठेतरी जाते आणि तिला अर्थ उरत नाही.

उपाय सर्व्हरवर. सीएसएस फाइलीच्या हेडरमध्ये यूटीएफ-८ पाठवा. एनजिनएक्स असेल तर नुसतं चारसेट चालू करून भागत नाही, कारण ज्या प्रकारच्या फाइलींना ते लागू होतं त्या मूळ यादीत सीएसएस नाहीच. यादीत तो प्रकार वेगळा घालावा लागतो. हे मला रात्री साडेदहाला समजलं. सर्व्हरची कॉन्फिग तुमच्या हातात नसेल तर डेव्हऑप्सवाल्यांना हा परिच्छेद जसाच्या तसा पाठवा.

कुठे हात वर करायचे

वर जागोजागी सांगितलंय, तरी तीन ठिकाणं ठळक करतो. प्रोजेक्टात नोड-साससाठी स्वतः लिहिलेली फंक्शनं किंवा इम्पोर्टर असतील आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला असेल, तर बिल्डचं काम रोज करणारा माणूस शोधा; अंदाजाने बदल करू नका. क्लायंटच्या सीआयवर इमेज बदलायची परवानगी तुम्हाला नसेल, तर त्यांच्या प्लॅटफॉर्म टीमला तारीख मागा आणि तोवर मर्ज करू नका. आणि एकाच रिपोत दहा-बारा ॲप एकच थीम वापरत असतील, तर हे एका माणसाचं शुक्रवारी दुपारचं काम नाही, हे मॅनेजरला आधीच सांगा. बिल्डचा वेळ वाढू शकतो हेही तेव्हाच सांगा. लिबसास वेगवान होतं, हे मान्य करावंच लागतं. मोठ्या कोडला "सास-एम्बेडेड" हे दुसरं पॅकेज बसवून बघता येतं.

मर्ज झाल्यावर

सीआयची कॅश पुसा. डॉकरफाइलमधून पायथन, मेक, कंपायलर काढा. पण हे वेगळ्या पीआरमध्ये, कारण दुसरं एखादं पॅकेज गुपचूप त्यांच्यावर जगत असू शकतं. रीडमीमध्ये नोडची नेमकी आवृत्ती लिहा आणि एनव्हीएमची फाइल रिपोत ठेवा.

शेवटी सीआयमध्ये एक छोटी पायरी घाला: लॉक फाइलमध्ये नोड-सास हे नाव दिसलं की बिल्ड पाडायचं. मला ही पायरी जरा जास्तीच वाटायची. मग तिसऱ्या प्रोजेक्टात, काढल्यानंतर दोन महिन्यांनी, कुणीतरी जुन्या मॉड्यूलची पॅकेज फाइल कॉपी करून नवीन मॉड्यूल सुरू केलं आणि ते सगळं परत आलं. खराडीच्या टीमचा सकाळी फोन: "तुमच्याकडे पायथन कुठलं आहे?"